पिल्लाची पहिली शाळा निवडताना

पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात. डॉक्टर सांगतात, ‘लसींचे सगळे डोस होईपर्यंत खाली न्यायचं नाही.’ म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. शेजाऱ्यांनी सुचवलेला ट्रेनर फोनवर म्हणतो, ‘आत्ता काय शिकणार ते? सहा महिन्यांचं झालं की कळवा.’ दोघांचाही हेतू चांगला असतो. पण दोन्ही सल्ले तंतोतंत पाळले, तर पिल्लाच्या आयुष्यातले सगळ्यांत मोलाचे आठवडे फ्लॅटच्या चार भिंतींत संपून जातात. मग आठ-नऊ महिन्यांचं झाल्यावर ते लिफ्टमध्ये शिरायला तयार होत नाही, डिलिव्हरीवाल्याचं हेल्मेट दिसलं की अंगावर धावून जातं, आणि ‘आमचंच असं कसं निघालं?’ अशी चर्चा घरात सुरू होते.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आता लहान पिल्लांसाठी वेगळे क्लास निघू लागले आहेत. कुणी त्याला ‘पपी क्लास’ म्हणतं, कुणी ‘सोशलायझेशन’. असा क्लास मुळात हवा का, त्यामागचं शास्त्र किती पक्कं आहे, आपल्या रस्त्यांवरच्या परिस्थितीत ते कितपत लागू पडतं आणि चांगला क्लास ओळखायचा कसा, हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माझं मत आधीच सांगते. क्लास बघायला गेल्यावर तिथल्या हुशार पिल्लांकडे फार लक्ष देऊ नये. सगळ्यांत घाबरलेलं पिल्लू कोणतं ते शोधावं, आणि त्याच्याशी तिथे कसं वागलं जातं ते बघावं.

हे आठवडे इतके मोलाचे का, याचं उत्तर अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर या गावी मिळालं. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांची वाढ वर्षानुवर्षं जवळून पाहिली आणि १९६५ साली त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी, १९६१ मध्ये, तिथल्याच कामातून फ्रीडमन, किंग आणि एलियट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. उंच कुंपणाच्या आवारात आईबरोबर पिल्लं वाढवली. माणसाचा संपर्क जवळजवळ नाही. मग काही पिल्लं दुसऱ्या आठवड्यात, काही तिसऱ्या, काही पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात आठवडाभर माणसांच्या सहवासात आणली. काही मात्र चौदाव्या आठवड्यापर्यंत तशीच ठेवली. या शेवटच्या पिल्लांची माणसाबद्दलची भीती पुढे नीट गेलीच नाही. प्रयोग निर्दय होता, आज तसा कुणी करू धजणार नाही. पण त्यातून हाती लागलेली गोष्ट पुढच्या साठ वर्षांत मोडीत निघालेली नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं कुतूहल भीतीपेक्षा मोठं असतं. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, पायाखाली लागतं, ते त्याच्या लेखी ‘आपल्या जगातलं’ ठरतं. त्यानंतर समोर येणारी प्रत्येक नवी गोष्ट आधी संशयाने पाहिली जाते.

या मुदतीची एक ठरलेली तारीख नाही. भीती जागी होण्याचं वय जातीजातीत पुढेमागे होतं, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. जर्मन शेफर्डमध्ये ते लवकर येतं, कॅव्हेलियर स्पॅनियलमध्ये बरंच उशिरा. म्हणून ‘अजून दोन आठवडे आहेत’ असा हिशेब करत बसण्यात अर्थ नाही. चौदाव्या आठवड्यानंतर शिकणं बंद होतं असंही नाही. फक्त जे आधी आपसूक झालं असतं, ते नंतर मेहनतीने आणि हळूहळू करावं लागतं.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. बाजारात ‘पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू’ हा जणू ठरलेला माल झाला आहे. कित्येकदा तर ते महिन्याभराचंच असतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण गिऱ्हाईकाला ‘लहान असताना आणलं की लळा लागतो’ असं वाटतं आणि विकणाऱ्याला खाण्या-औषधाचा खर्च वाचवायचा असतो. इटलीत पिएरांतोनी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १४० कुत्र्यांची तुलना केली. निम्मी तीस ते चाळीस दिवसांची असताना आई-भावंडांपासून तोडलेली, निम्मी दोन महिन्यांची झाल्यावर घरी आणलेली. लवकर तोडलेल्यांमध्ये आवाजाची भीती, अति भुंकणं, खेळताना चावणं, खाण्याच्या भांड्यावरून गुरगुरणं अशा तक्रारी जास्त निघाल्या. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. हा धडा ज्याचा बुडाला, त्याला दुसऱ्या पिल्लांची सोबत लवकर मिळणं अधिकच गरजेचं. म्हणजे आपल्याकडच्या पिल्लांना क्लासची गरज परदेशातल्या पिल्लांपेक्षा काकणभर जास्तच आहे.

आता डॉक्टरांच्या सल्ल्याकडे वळू. तो भित्रेपणातून आलेला नाही. ज्याने पार्व्हो झालेलं पिल्लू सलाइन लावून निपचित पडलेलं पाहिलं आहे, रक्ताच्या हगवणीचा तो विशिष्ट वास ज्याच्या नाकात बसला आहे, तो जपूनच बोलणार. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. जमिनीवर, चपलेच्या तळव्याला, पायपुसण्यात तो महिनोन् महिने टिकतो. लसीचा एक डोस पुरत नाही, याचं कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती. ती पिल्लाला वाचवते आणि त्याच वेळी लसही निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत सोळा आठवड्यांच्या पुढे जायचं, अशी जागतिक पशुवैद्यक संघटनेची शिफारस आहे. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात.

म्हणजे दोन घड्याळं एकाच वेळी चालू आहेत. लसीकरण सोळाव्या आठवड्याला पुरं होतं, आणि शिकण्याचा सोपा काळ त्याच्या आत सरतो. हा पेच सोडवायला अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लू क्लासला नेता येईल. पहिल्या लसीला निदान सात दिवस झालेले असावेत, जंताचं पहिलं औषध झालेलं असावं, आणि पुढचे डोस वेळेवर चालू राहावेत. त्यांचं कारण हृदयाला भिडणारं आहे. तीन वर्षांच्या आतली कुत्री मरण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण संसर्ग नसून वागणुकीच्या तक्रारी आहेत, असं त्या निवेदनात म्हटलं आहे. चावरं झालं म्हणून सोडून दिलेलं, दुसऱ्याला देऊन टाकलेलं, शेवटी इंजेक्शन देऊन संपवलेलं कुत्रं त्या आकड्यात येतं. आपल्याकडे इंजेक्शन कमी आणि हायवेच्या कडेला सोडून देणं जास्त, पण मुळातलं दुखणं तेच.

धोका प्रत्यक्षात किती, हे स्टेपिटा, बेन आणि कास यांनी २०१३ मध्ये तपासलं. अमेरिकेतल्या चार शहरांतल्या दवाखान्यांमधून १०१२ पिल्लांची माहिती घेतली. त्यांतली २७९ पिल्लं लसीकरण चालू असताना क्लासला जात होती. त्यांच्यापैकी एकालाही पार्व्हो झाला नाही. हा आकडा आपले क्लासवाले अभिमानाने सांगतात, आणि सांगावाच. पण तो जसाच्या तसा उचलून आणता येत नाही. त्या शहरांत गल्लीबोळात लस न मिळालेली कुत्री फिरत नाहीत. आपल्या सार्वजनिक बागेत, सोसायटीच्या मागच्या मातीत, टेकडीवर काय पडलेलं असेल सांगता येत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरा हा जिवाणूही असतो. म्हणून आपल्याकडे ‘क्लासला न्यावं का’ यापेक्षा ‘क्लास कुठे भरतो’ हा प्रश्न जास्त वजनाचा आहे. अर्धवट लस झालेल्या पिल्लांना मोकळ्या बागेत जमवणारा क्लास, शिकवणारा कितीही प्रेमळ असला, तरी नाकारावा. जागा बंदिस्त हवी, फरशी धुता येणारी हवी, आणि ती पातळ केलेल्या ब्लीचने पुसली जायला हवी. पार्व्हो चिवट आहे, नुसत्या फिनाइलवर विसंबून चालत नाही. दारातच चपला-बूट काढायला लावणारा आणि प्रत्येकाचं लसीचं पुस्तक स्वतः उघडून तारखा बघणारा क्लास कडक वाटतो, पण पैसे तिथेच द्यावेत. कुणी म्हणालं, ‘लस झालीय ना, मग चालेल,’ आणि पुस्तक बघितलंच नाही, तर शेजारच्या पिल्लाचंही बघितलेलं नसणार.

आता क्लासचा उपयोग खरंच होतो का? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की पुरावा एकसुरी नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या डक्सबरी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की प्राणिनिवाऱ्यातून दत्तक गेलेली जी पिल्लं क्लासला गेली, ती नव्या घरी टिकून राहण्याचं प्रमाण जास्त होतं. कॅनडा-अमेरिकेतल्या पालकांच्या २०१७ च्या एका पाहणीत क्लासला जाणारे लोक पिल्लाला कमी रागावतात असं आढळलं. आता, क्लासला जाणारा माणूस मुळातच काळजी घेणारा असतो, त्यामुळे श्रेय क्लासचं किती आणि माणसाचं किती हे वेगळं काढणं अवघड. याउलट ऑस्ट्रेलियात सेक्सेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पिल्लांचे गट पाडून तुलना केली, तेव्हा शिकवलेली पिल्लं आज्ञा चांगल्या पाळू लागली, पण अनोळखी माणसं आणि नव्या वस्तूंसमोरच्या त्यांच्या वागण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष वाचून काहीजण म्हणतात, क्लास निरुपयोगी. मला त्यातून वेगळं दिसतं. आठवड्यातून एकदा एका खोलीत आणून ‘बस’ आणि ‘ये’ शिकवलं, तर पिल्लू बसायला आणि यायला शिकतं. जगाला न घाबरणं हा वेगळा विषय आहे, तो वेगळा शिकवावा लागतो. इंग्लंडमधल्या अंधांसाठीच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेतला २०१७ चा अभ्यास याला दुजोरा देतो. जन्मापासून सहा आठवड्यांपर्यंत दररोज थोडा वेळ, वयाला झेपेल असे नवे स्पर्श, आवाज आणि अनुभव दिलेली पिल्लं आठ महिन्यांची झाल्यावर एकटं राहायला आणि नव्या परिस्थितीला कमी बिचकत होती. थोडं, रोज, आणि झेपेल इतकंच.

मग तो ‘सहा महिन्यांनी या’ वाला सल्ला आला कुठून? त्याचं मूळ शिकवण्याच्या पद्धतीत आहे. जर्मन पोलिसांची कुत्री तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट याने १९१० मध्ये लिहिलेल्या पुस्तकापासून लष्करी-पोलिसी पठडी रूढ झाली. गळ्यात साखळी, चुकलं की झटका. असा झटका दोन महिन्यांच्या पिल्लाच्या मानेला सोसत नाही, म्हणून हाड भरेपर्यंत थांबायचं. पद्धतीच्या सोयीसाठी ठरलेलं वय पुढे निसर्गनियम असल्यासारखं सांगितलं जाऊ लागलं. आपल्याकडे अनेक ट्रेनर याच परंपरेतले. त्यांच्या हातातल्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. पण पोलिसांचं कुत्रं आणि सातव्या मजल्यावर नातवंडांबरोबर राहायचं कुत्रं यांचं काम वेगळं आहे. इयन डनबार या ब्रिटिश पशुवैद्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पट्ट्याशिवाय भरणारे, खाऊ आणि खेळावर चालणारे पिल्लांचे वर्ग सुरू केले, तेव्हा वयाची ही अट गळून पडली. साखळी नको म्हटलं की थांबण्याचं कारणच उरत नाही.

साखळीच्या बाजूने अजूनही एक युक्तिवाद ऐकू येतो. कुत्रा लांडग्यापासून आला, कळपाला म्होरक्या लागतो, तुम्ही म्होरके झाला नाहीत तर तो होईल. ‘धाक हवा’ हे आपल्या घराघरांतलं वाक्य त्याला चटकन चिकटतं. या कल्पनेचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासात आहे. तो बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरचा होता. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या पुस्तकातून ती लोकप्रिय केली, आणि पुढे रानातल्या लांडग्यांबरोबर उन्हाळेच्या उन्हाळे काढल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं असतात, सत्तेसाठी झुंजणारी टोळी नसते. स्वतःचं जुनं पुस्तक छापू नये म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. इतक्या मोठेपणाने मागे घेतलेली गोष्ट आपल्याकडे अजून शिकवली जाते, याचं वाईट वाटतं.

धाकाने काय होतं यावरचा पुरावा मात्र बऱ्यापैकी एका बाजूला झुकलेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत, कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्यासारखे उपाय ज्यांनी केले, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश कुत्र्यांनी उलट हल्ल्याचा पवित्रा घेतला. पोर्तुगालमध्ये व्हिएरा डी कास्त्रो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचं निरीक्षण केलं, लाळेतलं ताणाचं संप्रेरक मोजलं. शिक्षेवर चालणाऱ्या शाळांतली कुत्री जास्त ताणाखाली होती, आणि जिथे शिक्षा जास्त तिथली कुत्री शाळेबाहेरच्या वेगळ्या चाचणीतही अधिक निराश वाटली. २०२१ मध्ये वर उल्लेखलेल्या पशुवर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने, प्रत्येक कुत्र्याला बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावं, अशी निःसंदिग्ध शिफारस केली. पिल्लाच्या बाबतीत मला यापुढे जाऊन म्हणावंसं वाटतं. दहा आठवड्यांच्या जिवाला बसलेला झटका ‘असं करू नको’ इतकंच शिकवत नाही. त्या क्षणी समोर जे असतं, दुसरं पिल्लू, एखादं मूल, काठी टेकत येणारे आजोबा, त्याच्याशी तो झटका जोडला जातो.

कायदा इथे फार मदत करत नाही. प्राण्याला मारहाण करणं १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. आणि कुत्र्यांना शिकवायचा व्यवसाय सुरू करायला विशिष्ट परवाना किंवा परीक्षा लागत नाही, ज्याला वाटेल तो ‘मास्टर ट्रेनर’ अशी पाटी लावू शकतो. परदेशी संस्थांची परीक्षा देऊन आलेले शिक्षक आता आपल्याकडेही आहेत, आणि त्या परीक्षेमागे अभ्यास असतो. तरीही प्रमाणपत्र ही सुरुवात समजावी. निकाल डोळ्यांनी बघूनच करावा.

म्हणून पिल्लाला न घेता एकदा पूर्ण वर्ग बघायला जावं. जो ‘बाहेरच्यांना बसू देत नाही’ म्हणतो त्याला तिथेच सोडावं. आत गेल्यावर काय दिसतं याची दोन उदाहरणं देते, दोन्ही माझ्या डोळ्यांदेखतची.

एका लॉनवर बारा-तेरा पिल्लं एकदम मोकळी सोडली होती. पाच महिन्यांचा धिप्पाड लॅब्रडॉर एका पॉमच्या मागे लागला होता. पॉम आपल्या मालकिणीच्या पायांत शिरून केकाटत होता, शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले. मालकीण त्याला उचलायला वाकली तर ट्रेनरने हाताने थांबवलं. ‘लाडावू नका, शिकू दे त्यालाच.’ सगळे हसत होते, फोटो काढत होते. लॅब्रडॉर त्या दिवशी शिकला, की लहानाला रेटलं तर मजा येते. पॉम शिकला, की कुत्री म्हणजे संकट आणि आपलं माणूस उपयोगाचं नाही.

दुसरा वर्ग एका दवाखान्यात, संध्याकाळी पेशंट संपल्यावर भरायचा. रबरी चटया, खुर्च्या लांब लांब, मध्ये जाळीचे पार्टिशन. एक देशी पिल्लू, रस्त्यावरून उचलून आणलेलं, आल्या आल्या खुर्चीखाली गेलं. शिक्षिकेने त्याच्याकडे थेट पाहिलंही नाही. पार्टिशन सरकवून त्याच्यासमोर आडोसा केला, मालकाला सांगितलं, ‘ओढू नका, राहू दे तिथंच,’ आणि जाता-येता उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे खुर्चीपासून थोडे दूर टाकत राहिली. आधी ते तुकड्यांना शिवलंच नाही. मग मान लांब करून एक उचलला. तास संपत आला तेव्हा पुढचे दोन पाय बाहेर आले होते आणि ते मधल्या खेळाकडे बघत होतं. मालकाला वाटलं, आता ओढून घ्यावं. शिक्षिका म्हणाली, ‘आज इथंच थांबू.’ त्या पिल्लाने एकही आज्ञा शिकली नव्हती. मी त्या दिवसापासून हाच वर्ग लोकांना सुचवते.

खेळ बघताना एक सोपी कसोटी आहे. दोन पिल्लांतलं जे वरचढ वाटतं त्याला हलकेच धरून ठेवायचं. दुसरं परत त्याच्याकडे आलं, पुढचे पाय टेकवून, ढुंगण वर करून बोलावू लागलं, तर खेळ दोघांचा आहे. संधी साधून ते लांब पळालं, तर तो खेळ नव्हता. चांगला शिक्षक ही कसोटी दर दोन-चार मिनिटांनी घेतो, आणि मालकांनाही घ्यायला शिकवतो. पिल्लांची वयं आणि आकार जुळणारे असावेत. एका शिक्षकामागे सहा-सातपेक्षा जास्त पिल्लं असली तर त्याला हे सगळं दिसणं शक्य नाही. वर्गाचा सगळा वेळ मोकळ्या खेळात जात असेल तर तेही बरं नाही. खेळ, मग माणसाकडे परत येणं, खाऊ, पुन्हा खेळ अशी ये-जा हवी. नाहीतर पुढे रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसलं की पट्टा ताणणारं जनावर तयार होतं. भीतीच्या खुणा शिक्षकाने नावानिशी दाखवायला हव्यात. झोप नसताना जांभई, पुन्हा पुन्हा नाकावर फिरणारी जीभ, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसणारं पांढरं, आवडता खाऊही नाकारणं. शांत बसलेलं पिल्लू आणि घाबरून गोठलेलं पिल्लू लांबून सारखंच दिसतं.

शिक्षकाला विचारायचे प्रश्न थोडेच. पिल्लाने बरोबर केलं तर काय करता? चूक केली तर काय करता? घाबरलं तर? ‘चूक केली तर’ याचं उत्तर ऐकताना नीट लक्ष द्यावं. ‘प्रत्येक कुत्रं वेगळं, तसं बघावं लागतं’ अशी टाळाटाळ आली की खिशात साखळी आहे असं समजावं.

अभ्यासक्रमात आपलं जग आहे का, हेही बघावं. परदेशी पुस्तकांतल्या याद्या जशाच्या तशा वाचून दाखवणारे क्लास इथे उघडे पडतात. आपल्या पिल्लाला रेनकोट घातलेला माणूस, उघडणारी छत्री, हेल्मेट, कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची आरोळी, रिक्षाचा हॉर्न, लिफ्टची जाळी आणि तिचा धक्का, वॉचमनची काठी ओळखीची व्हायला हवी. जूनमध्ये आलेलं पिल्लू गणपतीत ढोल-ताशा ऐकणार आणि पाठोपाठ दिवाळीचे फटाके. चांगले वर्ग हे आवाज रेकॉर्डवर अगदी हळू लावून, खाऊ देत देत, आठवड्या-आठवड्याने वाढवतात. आवाज वाढवल्यावर पिल्लाने खाणं थांबवलं, तर शिक्षक आवाज मागे घेतो की ‘होईल सवय’ म्हणतो, यावर सगळं आलं. तसंच पंजा हातात घेणं, कान उघडून बघणं, तोंड उघडणं, नखं कापायची कात्री नुसती टेकवणं. हे झालेलं कुत्रं पुढे दहा-बारा वर्षं डॉक्टरांच्या टेबलावर तोंड बांधल्याशिवाय उभं राहू शकतं.

घरी येणाऱ्या ट्रेनरचा आपल्याकडे मोठा रिवाज आहे. सकाळी येतो, अर्धा तास पिल्लाला खाली फिरवतो, महिन्याचे पैसे घेतो. घरचे तोवर झोपलेले किंवा ऑफिसच्या गडबडीत. असं पिल्लू ट्रेनरचं ऐकतं, घरच्यांचं नाही, आणि मग त्यालाच पुन्हा महिना वाढवून मिळतो. माणूस चांगला असेल तर त्याला ठेवायला हरकत नाही, पण तो शिकवत असताना घरातलं कुणीतरी हातात पट्टा धरून शेजारी उभं हवं. पिल्लाला तीन आठवडे केनेलमध्ये ठेवून ‘तयार करून’ परत देणाऱ्यांकडे या वयात मुळीच पाठवू नये. तिथे काय होतं ते आपल्याला दिसत नाही, आणि जोडून घ्यायचे आठवडे परक्या पिंजऱ्यात जातात.

तालुक्याच्या गावी असा क्लास बहुधा नसतोच. तिथे निराश व्हायचं कारण नाही, कारण यातलं पुष्कळसं कडेवर घेऊन करता येतं. पिल्लू जमिनीवर न ठेवता एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभं राहावं, बाजाराच्या दिवशी कडेने चक्कर मारावी, शाळा सुटताना फाटकासमोर थांबावं. लांबून, आणि ते खाऊ खात असेल तोवरच. ओळखीच्या घरी लसी झालेलं, स्वभावाने शांत, मोठं कुत्रं असेल तर त्याच्या अंगणात न्यावं. सालस मोठं कुत्रं पिल्लाला जे शिकवतं ते पिल्लांच्या घोळक्यातही मिळत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, सुई नसलेल्या दिवशीही दवाखान्यात जावं, वजनकाट्यावर उभं करावं, कंपाउंडरच्या हातून पनीरचा तुकडा खाऊ घालावा आणि परत यावं. आणि डॉक्टर तयार असतील, तर ज्यांच्या पिल्लांचे डोस त्यांच्याकडेच चालू आहेत अशा तीन-चार घरांना रविवारी सकाळी ब्लीचने पुसलेल्या त्याच खोलीत बोलवायला त्यांना सांगून बघावं. लसीचं पुस्तक त्यांच्याच टेबलावर असतं.